विद्यार्थ्यांचे नाटक आणि घरची मराठी

(वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



चिटणीसांनी आम्हांला पत्र लिहून विषय कळवला, ‘सिंगापूरमधील जीवन’. आम्ही तिथे तीस वर्षांहून अधिक काळ काढला, त्यामुळे बोलण्यासारखे पुष्कळ आहे. पण तिथले बंदर, उंच इमारती आणि स्वच्छ रस्ते यांच्याविषयी तुम्ही सर्वांनी वाचलेले आहे. म्हणून आम्ही त्यातला एक लहानसा भाग निवडला आहे. तिथे नाटक शिकायला येणाऱ्या मुलामुलींचे रोजचे आयुष्य कसे असते, आणि त्यांच्या एका प्रयोगात आम्हां नवराबायकोला कसे उभे राहावे लागले, ती ही हकीकत. नर्सबाईंनी नाटकावर काय बोलावे, असे कोणाच्या मनात येईल. पण ही हकीकत शेवटी आपल्या प्रत्येकाच्या घरातल्या एका प्रश्नापाशी येते. नातवंडांशी आपण कोणत्या भाषेत बोलायचे, हा तो प्रश्न.

सुरुवात मुंबईपासून करावी लागेल, कारण विद्यार्थी म्हणजे काय आणि नाटक म्हणजे काय, हे आम्हांला पहिल्याने तिथेच कळले. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला आम्ही नर्सिंगचा डिप्लोमा केला. जनरल नर्सिंग आणि मिडवायफरी मिळून साडेतीन वर्षांचा अभ्यासक्रम. सकाळी सातच्या आत वॉर्डात हजर राहायचे. बिछाने घालणे, टेंपरेचर घेणे, स्पंज देणे, मग लेक्चर, मग पुन्हा वॉर्ड. पाळी आली की नाईट. हॉस्टेलचे फाटक ठरल्या वेळी बंद होई. स्टायपेंड हातात पडला की निम्मा मनीऑर्डरने घरी जाई, आणि उरलेल्यात साबण, तेल आणि महिन्यातून एखादा सिनेमा.

वर्षातून एकदा गॅदरिंग असे आणि त्यात नाटक ठरलेले. सगळ्या मुलीच, म्हणून पुरुषांची कामेही आम्हीच करायचो. आमच्या वाट्याला एका वर्षी सासऱ्याचे काम आले. कोट वॉर्डबॉयचा, काठी ऑर्थोपेडिक वॉर्डातली, मिशा काजळाच्या. पाठांतर नाईटला, पेशंट झोपले आणि रिपोर्ट लिहून झाला की टेबलावरच्या दिव्याखाली.

आमच्या बॅचमध्ये केरळच्या बऱ्याच मुली होत्या. मुंबईच्या इस्पितळांत काम केलेल्यांना हे सांगायला नको. त्यांना मराठी येत नसे. पण नाटकात माणसे कमी पडायची, म्हणून त्यांनाही घ्यावे लागे. त्या आपले संवाद मल्याळी अक्षरांत लिहून घेत आणि चालताना पुटपुटत पाठ करीत. आमच्या सूनबाईचे काम करणाऱ्या मुलीचे एक वाक्य होते, “बाबा, दुखतंय का? थोडं पाणी देऊ?” नाटक झाले, मिशा पुसल्या. दुसऱ्या दिवशी तीच मुलगी वॉर्डात एका म्हाताऱ्या गिरणी कामगाराच्या पलंगाशी उभी राहून तेच वाक्य, त्याच सुरात म्हणत होती. म्हाताऱ्याने मान हलवली आणि पाणी घेतले. सिस्टर ट्यूटरने दिलेली शब्दांची यादी तिला वर्षभर पाठ झाली नव्हती, आणि नाटकातली वीस-पंचवीस वाक्ये मात्र जन्माची लक्षात राहिली. ही गोष्ट लक्षात ठेवा. पुढे तिचा उपयोग आहे.

१९९१ साली आम्ही सिंगापूरला गेलो. तिथल्या इस्पितळांना बाहेरच्या नर्सेस हव्या होत्या. फिलिपिन्स, मलेशिया, भारत, अशा सगळीकडच्या मुली आमच्याबरोबर होत्या. सिंगापूरच्या सरकारी भाषा चार आहेत, मलय, मँडरिन, तमिळ आणि इंग्रजी. आम्हांला वाटले, इंग्रजीवर भागेल. डॉक्टरांशी भागले, पण म्हाताऱ्या पेशंटांशी भागेना. चिनी म्हातारी माणसे होक्किएन, तिओच्यू, कँटनीज अशा आपापल्या बोली बोलत. आम्ही हळूहळू होक्किएनमधले “जिआक पा बुए?” म्हणजे “जेवलात का?” एवढे शिकलो. तेवढ्यानेही म्हाताऱ्यांचे चेहरे खुलत.

त्याहून वाईट वाटायचे ते भेटीच्या वेळी. आजीच्या पलंगाशी नातू उभा. चांगला शिकलेला, कामावरून थेट आलेला, हातात संत्र्यांची पिशवी. पण दोघांना बोलता येत नसे. नातवाला इंग्रजी आणि मँडरिन येई, आजीला फक्त तिची बोली. मग तो आमच्याकडे वळून इंग्रजीत विचारी, “आजीला विचाराल का, दुखतंय का?” आम्ही एखाद्या मलेशियन नर्सला हाक मारायचो, आणि तिच्या तोंडून आजीचे उत्तर नातवापर्यंत जायचे.

याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. १९७९ साली तिथे ‘मँडरिन बोला’ ही सरकारी मोहीम सुरू झाली. चिनी लोकांच्या अनेक बोलींऐवजी एक सामाईक भाषा असावी, असा हेतू होता. पुढे १९८७ पासून सर्व शाळांचे मुख्य माध्यम इंग्रजी झाले. पोटापाण्याच्या दृष्टीने त्याचा फायदा झाला, हे नाकारता येणार नाही. पण एका पिढीच्या आत आजी आणि नातू यांच्यामधला पूल तुटला. इस्राएलमध्ये राहणाऱ्या मंडळींना हे वेगळे समजावून सांगायची गरज नाही. लोद, रामले, दिमोना, अश्दोद इथल्या कितीतरी घरांत आजी मराठीत विचारते आणि नातू हिब्रूत उत्तर देतो. काही घरांत तर आजीने विचारणेच सोडून दिले आहे.

आता नाटकाकडे येतो. सिंगापूरला वॉटर्लू स्ट्रीट नावाचा रस्ता आहे. त्यावर मागेन आबोथ हे सिनेगॉग आहे, १८७८ सालचे. ते बगदादी लोकांनी बांधलेले. त्यांचे सूर आपल्यापेक्षा वेगळे, पण दूरदेशी आपले मानायला एक जागा होती. त्याच रस्त्यावर कृष्णाचे देऊळ आहे, शेजारीच क्वान यिम देवीचे चिनी मंदिर आहे, आणि जुन्या घरांतून नाटक, नृत्य, चित्रकला यांच्या संस्था आहेत. सणाच्या दिवशी आम्ही प्रार्थना करून बाहेर पडलो की वाटेत कुठून तरी ढोलाचा आवाज येई, कुठे कोणी एकच वाक्य दहा वेळा घोकत असे.

या रस्त्यावरच्या नाट्यसंस्थांमध्ये एक नाव फार आदराने घेतले जाई, कुओ पाओ कुन यांचे. त्यांचा जन्म १९३९ चा, चीनमधला. लहानपणी ते सिंगापूरला आले, ऑस्ट्रेलियात नाटकाचे शिक्षण घेतले आणि १९६५ साली त्यांनी आपल्या नर्तिका पत्नी गोह ले कुआन यांच्याबरोबर नाट्य-नृत्याची शाळा काढली. १९७६ साली सरकारने त्यांना खटला न चालवता अटकेत ठेवले, ते १९८० साली सुटले. त्यांचे नागरिकत्वही काढून घेतले होते, ते १९९२ साली परत मिळाले. असे सोसलेला माणूस कडवट व्हायचा, पण ते पुन्हा मुलांना शिकवायला बसले. २००० साली त्यांनी आणि टी. शशितरन यांनी मिळून नटांसाठी तीन वर्षांचा अभ्यासक्रम सुरू केला. दोनच वर्षांनी, २००२ साली, कुओ वारले. शशितरन यांनी काम पुढे नेले. पुढे या शाळेचे नाव इंटरकल्चरल थिएटर इन्स्टिट्यूट झाले, आणि अप्पर विल्की रोडवरच्या एमिली हिल या टेकडीवरल्या जुन्या बंगल्यात तिचे वर्ग भरू लागले. गंमत अशी, की विल्की रोड, सोफिया रोड, मिडल रोड हा सगळा भाग एके काळी तिथल्या यहुदी लोकांचा मोहल्ला. त्याला ‘महल्ला’च म्हणत.

या शाळेत काय शिकवीत? आधुनिक अभिनय तर होताच, पण त्याच्याबरोबर आशियातल्या चार जुन्या नाट्यपरंपरा प्रत्येक विद्यार्थ्याला शिकाव्या लागत. केरळचे कुटियाट्टम, जपानचे नोह, चीनचा बीजिंग ऑपेरा आणि जावाचे वायांग वोंग. प्रत्येक परंपरेचे गुरू त्या त्या देशातून येत. कुटियाट्टम शिकवायला केरळमधील इरिंजालक्कुडाचे जी. वेणू येत. हे संस्कृत नाटक देवळांतून शतकानुशतके चालत आलेले. २००१ साली युनेस्कोने मानवजातीचा अमोल वारसा म्हणून कुटियाट्टम आणि नोह या दोघांनाही मान दिला. वायांग वोंगमध्ये रामायण-महाभारताच्या कथा असतात, आणि जावात त्या नाचणारे बहुतेक कलावंत मुसलमान असतात.

आम्हांला हे सारे कळले ते आमच्या भाडेकरूंमुळे. आमचा फ्लॅट तोआ पायोला होता, सरकारी गृहनिर्माण मंडळाच्या इमारतीत. मुलगा लग्न होऊन वेगळा राहू लागला, एक खोली रिकामी झाली. २०१५ साली आम्ही ती रीतसर परवानगी काढून दोन विद्यार्थिनींना दिली. एक सांगलीची, दुसरी हाँगकाँगची. सांगलीची म्हटल्यावर आमच्या मिस्टरांना आनंद झाला. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली ‘सीता स्वयंवर’ केले ते सांगलीला, हे त्यांना शाळेपासून पाठ. ते म्हणाले, “नाटकाच्या गावची पोर नाटक शिकायला इतक्या लांब कशाला आली?” ती हसून म्हणाली, “काका, आपलंच शिकायला लांब यावं लागतं कधीकधी.” ती आम्हांला मावशी आणि काका म्हणे. हाँगकाँगची मुलगी सिंगापूरच्या रिवाजाप्रमाणे आंटी आणि अंकल म्हणे.

त्यांचा दिवस आमच्या ट्रेनिंगच्या दिवसांसारखाच होता. पहाटे उठायचे, तोआ पायो स्टेशनवरून धोबी घाटपर्यंत ट्रेनने जायचे. हो, त्या स्टेशनचे नाव धोबी घाटच आहे. तिथे पूर्वी आपले हिंदुस्थानी धोबी कपडे धूत. तिथून चढ चालून शाळेत. आधी शरीराचा व्यायाम, मग आवाजाचा, मग त्या महिन्यांत चालू असेल ती परंपरा, मग नाटकाची तालीम. संध्याकाळी परत येताना हॉकर सेंटरमध्ये भात किंवा नूडल्स. शिष्यवृत्तीचे पैसे जपून वापरायचे, म्हणून महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात जेवण बहुधा आमच्याकडे.

नर्सच्या नजरेला त्यांचे पाय आधी दिसले. बीजिंग ऑपेराच्या दिवसांत मांड्या ताणून ताणून मुलींना जिना उतरवत नसे. नोहच्या वेळी पाय न उचलता घसरत चालायचे असते, त्याने पोटऱ्या भरून येत. आम्ही बर्फ लावायला सांगायचो, गुडघ्याखाली उशी ठेवायचो. कुटियाट्टमला डोळ्यांचा व्यायाम असतो. डोळ्यांत तूप घालून बुबुळे चारी बाजूंना फिरवायची, मग गोल, मग तिरपी. हे पहिल्यांदा पाहिले तेव्हा आमच्यातली नर्स घाबरली. पण गुरूंनी तूप कसे घ्यायचे, किती घालायचे, हे नीट शिकवले होते, आणि मुलगी म्हणाली की डोळ्यांना थंड वाटते. महिना दीड महिन्याने ती जेवणाच्या टेबलावर बसून फक्त डोळ्यांनी माशी उडताना दाखवू लागली. आम्ही सगळे त्या नसलेल्या माशीकडे पाहत राहिलो.

रोश हाशानाला आम्ही चिकाचा हलवा करायचो. नारळाचे दूध टेक्का बाजारातून ताजे मिळे. हलवा ढवळणे किती हाताचे काम आहे, ते इथल्या प्रत्येक बाईला माहीत आहे. त्या वर्षी दोघी मुलींनी आळीपाळीने ढवळले. सांगलीची ढवळता ढवळता संस्कृत श्लोक घोकत होती, हाँगकाँगची आपल्या आजीचे कुठलेसे गाणे गुणगुणत होती. ती आजी हक्का बोली बोलायची. नातीला अर्थ येत नव्हता, फक्त चाल राहिली होती.

दोघींच्या अभ्यासात कुओ पाओ कुन यांची नाटके होतीच. त्यांतले एक आम्हांला त्यांनी स्वयंपाकघरात बसून सांगितले. नाटक १९८८ चे, नाव ‘मामा लुकिंग फॉर हर कॅट’. एक म्हातारी आई आहे. ती होक्किएन बोलते, तिची मुले मँडरिन आणि इंग्रजी. घरात तिच्याशी कोणी बोलत नाही, म्हणून ती मांजराशी बोलते. मांजर हरवते. ती शोधायला बाहेर पडते, तिथे तिला एक तमिळ म्हातारा भेटतो. तोही आपले मांजर शोधत असतो. दोघांना एकमेकांची भाषा अजिबात येत नाही, तरी हातवाऱ्यांनी, आवाजांनी दोघे एकमेकांना आपले मांजर कसे आहे ते सांगतात आणि दोघांना ते कळते. सिंगापूरच्या इतक्या भाषा एकाच रंगमंचावर आणणारे हे पहिल्या नाटकांपैकी एक. कुठल्याही एका प्रेक्षकाला त्यातले सगळे शब्द कळणार नाहीत, अशीच त्याची रचना आहे. आमच्या मिस्टरांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “ही तर आपल्या वॉर्डातली गोष्ट.” ते कधी वॉर्डात गेले नव्हते, पण आमच्याकडून पंचवीस वर्षे ऐकत आले होते.

२०१७ साली या मुलींनी आणि त्यांच्या चार-पाच मित्रांनी मिळून स्वतः एक छोटा प्रयोग रचला, पंचवीस मिनिटांचा. विषय त्यांच्या आजीआजोबांचा. त्यांना दोन खरी म्हातारी माणसे हवी होती. आम्ही तेव्हा साठीच्या अलीकडे होतो, पण वीस-बावीस वर्षांच्या मुलांना तेवढे पुरे. मिस्टर म्हणाले, “मला पाठ होणार नाही.” दिग्दर्शन करणारा मुलगा म्हणाला, “अंकल, अभिनय करू नका. घरी जे करता तेच करा.”

घरी आम्ही काय करतो, हे पाहायला तो एका रविवारी आला. आम्ही जमिनीवर बसून ताटात तांदूळ निवडत होतो. सिंगापूरच्या दुकानातल्या तांदळात खडा औषधालासुद्धा सापडायचा नाही. त्याने विचारले, “मग का निवडता?” आम्ही सांगितले, “हाताची सवय. आणि निवडताना बोलणे होते.” त्याने तेच नाटकात घेतले. रंगमंचावर चटई, ताट, तांदूळ. मिस्टर वर्तमानपत्र वाचतात, आम्ही निवडतो, आणि मराठीत बोलतो, अगदी घरातले. “पाणी तापलं का?” “आज भरती कधी आहे?” “रेवदंड्याचं पत्र आलं का?” मध्ये एक सिंगापूरचा मुलगा, नातवाच्या भूमिकेत, इंग्रजीत बोलत येतो. त्याला एवढेच करायचे होते, की आमचे एकेक वाक्य ऐकायचे आणि त्यातला एक शब्द उचलून म्हणायचा. शेवटी तो ताटाशी बसतो आणि निवडू लागतो. बस. एवढेच नाटक.

तालमी दर रविवारी, सहा आठवडे. तालमीला आमचा खरा नातूही यायचा. तेव्हा तो सहा वर्षांचा, नुकताच शाळेत जाऊ लागलेला. तिथे तमिळ नको असेल तर हिंदी, पंजाबी, बंगाली, गुजराती किंवा उर्दू ही दुसरी भाषा घेता येत असे. त्या यादीत मराठी नव्हती. म्हणून तो हिंदी शिकायचा, घरी इंग्रजी बोलायचा, आणि मराठीचे “ये” आणि “बस” एवढेच जाणायचा. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांना आम्ही त्याला नेले होते, गोष्टींच्या पुस्तकांतून शिकवून पाहिले होते. तो शहाण्या मुलासारखा ऐकायचा आणि विसरायचा.

प्रयोगाच्या संध्याकाळी पन्नास-साठ माणसे होती. मिस्टरांना पहिली दोन वाक्ये आठवली, तिसऱ्याला ते थांबले. आम्ही डोळ्यांनी खुणावले, पण त्यांना काही सुचेना. सगळीकडे शांतता. तेवढ्यात पहिल्या रांगेतून लहान आवाज आला, “आज भरती कधी आहे?” स्वच्छ मराठीत, ‘भ’ आणि ‘ळ’ यांत गोंधळणाऱ्या पोराच्या तोंडून, आणि ‘भ’ अगदी बरोबर. लोकांना वाटले, नाटकातच आहे. मिस्टर म्हणाले, “दुपारी आहे रे, बाबा,” आणि खेळ पुढे चालला.

बंधुभगिनींनो, इथे टाळ्या मिळवून थांबता आले असते. पण आम्ही नर्स आहोत, पेशंट बरा झाला असे तपासल्याशिवाय लिहीत नाही. सहा महिन्यांनी आम्ही मोजले, तेव्हा नातवाजवळ चाळीसेक शब्द उरले होते. नाटकाने भाषा शिकवली असे आम्ही म्हणणार नाही. पण पुस्तकांनी, ओरडण्याने आणि लाडीगोडीने जे झाले नव्हते त्याची सुरुवात त्या चटईवर झाली, हे खरे. का झाली, याचा आम्ही पुष्कळ विचार केला. मुंबईच्या त्या केरळच्या मुलीची आठवण झाली. दोघांनाही भाषा कोणी शिकवली नव्हती, त्यांना त्या भाषेत एक काम दिले होते. त्या कामाला ते शब्द लागत होते, आणि समोर कोणीतरी त्या शब्दांची वाट पाहत होते. भाषा शिकवावी लागते हे खरे, पण तिला घरात काही काम नसेल तर ती शिकवूनही राहत नाही.

त्यानंतर आम्ही घरी एक नेम धरला. शब्बाथच्या संध्याकाळी जेवणाआधी पाच-दहा मिनिटांचे नाटक. कधी तो आजोबा आणि मिस्टर नातू. कधी तो मासळीवाला आणि आम्ही घासाघीस करणारी बाई. कधी तो डॉक्टर आणि आम्ही पेशंट, आणि मग त्याला विचारावेच लागे, “कुठं दुखतंय?” चूक झाली तरी कोणी दुरुस्त करायचे नाही, पुढचे वाक्य बोलायचे, हा नियम सांगलीच्या मुलीने घालून दिला होता. आज तो चौदा-पंधरा वर्षांचा आहे. मराठी अस्खलित बोलतो असे नाही. पण अलिबागच्या आत्याशी फोनवर बोलताना त्याला आमच्याकडे वळावे लागत नाही. तिला दुखते का, ते तो स्वतः विचारतो.

आता हे सगळे या सिनेगॉगच्या वर्धापनदिनी कशाला? कारण हे आपल्याला नवीन नाही. आपल्या समाजात १८८० च्या सुमारास मराठी कीर्तने सुरू झाली. योसेफ, मोशे, दावीद यांची आख्याने आपल्या वाडवडिलांनी मराठीत उभी केली, कारण हिब्रू कळणारे थोडे होते आणि कथा सर्वांपर्यंत पोचायला हवी होती. तेव्हा भाषेची अडचण होती, तिच्यावर त्यांनी गाण्याबजावण्याने मात केली. पहिला हिंदी बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा, त्याची कथा आपल्या जोसेफ डेव्हिड पेणकरांच्या नाटकावरून घेतली होती. डेव्हिड अब्राहम चेऊलकर पडद्यावर आले की आपल्या घरांत किती अभिमान वाटे, ते इथल्या ज्येष्ठांना आठवत असेल. निस्सीम इझिकेल कवी म्हणून गाजले, पण त्यांनी नाटकेही लिहिली. रंगमंच आपल्याला परका नाही.

आज अडचण उलटी आहे. नातवंडांना हिब्रू येते, इंग्रजी येते, मराठी येत नाही. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नियतकालिक निघाले, मेळावे झाले, त्या सर्वांचे ऋण आहेच. पण ते बहुतेक मराठी येणाऱ्यांनी मराठी येणाऱ्यांसाठी केले. नातवंडे मागच्या रांगेत बसून घड्याळ पाहतात.

म्हणून तीन गोष्टी सुचवतो. पहिली, पुढल्या पुरीमला किंवा सिमहाथ तोराला आपल्या प्रत्येक शहरात पंधरा मिनिटांचे एक मराठी नाट्य व्हावे. त्यात निम्मी मुले आणि निम्मे आजीआजोबा असावेत. फक्त मुलांचे नको, कारण मग ते पोपटपंची होते, आणि फक्त म्हाताऱ्यांचे नको, कारण मग ते स्मरणरंजन होते. योसेफ आणि त्याचे भाऊ ही कथा घ्या. भावांची कामे मुलांना द्या, बाप याकोब आजोबांना. बापाला मराठीशिवाय काही कळत नाही असे ठरवून टाका, मग मुलांना विचारावेच लागेल.

दुसरी, संवाद मुलांना हिब्रू किंवा इंग्रजी अक्षरांत लिहून द्यायला लाजू नका. आमच्या केरळच्या मैत्रिणी मल्याळी अक्षरांत मराठी लिहीत, त्याने मराठीचे काही बिघडले नाही आणि पेशंटांना पाणी वेळेवर मिळाले. लिपी मागून येईल.

तिसरी गोष्ट आपल्यासारख्यांसाठी. शिकणाऱ्याचे जिणे पुन्हा पत्करायला हवे. पन्नाशी ओलांडल्यावर आम्ही वीस वर्षांच्या मुलाच्या हाताखाली सहा आठवडे तालीम केली. तो म्हणाला “हळू”, आम्ही हळू केले. तो म्हणाला “पुन्हा”, आम्ही पुन्हा केले. नातवाने ते पाहिले. आजीआजोबाही चुकतात, पाठ करतात, विसरतात आणि पुन्हा उभे राहतात, हे त्याला दिसले म्हणूनच पहिल्या रांगेतून बोलायची हिंमत त्याला झाली, असे आमचे मत आहे.

इथल्या प्रत्येक बाईजवळ वीस-पंचवीस वाक्ये अशी आहेत, जी तिच्या घराबाहेर कोणी बोलत नाही. मलिद्याच्या वेळची, हलवा ढवळतानाची, आजारी पोराच्या उशाशी म्हणायची. ती वाक्ये आपल्याबरोबर जायला नकोत. ज्यांना या कामात हात लावायचा आहे त्यांनी कृपया आज जेवणाच्या आधी आपली नावे आणि गावे चिटणीसांकडे द्यावीत. तांदळाचे ताट आम्ही आणू.